इथं कसं वाटतं? पुण्यातल्या एका रस्त्याचा स्वभाव मोजण्याची रीत

प्रभात रोडच्या एखाद्या आतल्या गल्लीत दुपारी दोन वाजता उभं राहा. डोक्यावर झाडांची सावली, कुठल्याशा घरातून कुकरची शिट्टी, लांबून भंगारवाल्याची हाळी. कोणीही पुणेकर या गल्लीला ‘निवांत’ म्हणेल. रात्री साडेदहाला त्याच गल्लीतून एकटीनं चालत या. झाडं तीच, भिंती त्याच, आवाज तर दुपारपेक्षाही कमी. तरी तोंडात येणारा शब्द बदलतो: ‘शुकशुकाट’.

निवांत आणि शुकशुकाट यांच्यातलं हे अंतर आकड्यांत धरता येतं का, या प्रश्नामागे मी काही वर्षं आहे. बऱ्याच अंशी धरता येतं, आणि त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. एक बरा फोन, एक लॅपटॉप, फुकट मिळणारी सॉफ्टवेअर आणि चार-पाच रविवार पुरतात. एक अट मात्र मी कधीच सोडत नाही. आधी माणसांचे शब्द गोळा करायचे, आकडे त्यानंतर. मी सुरुवातीला उलट केलं होतं. दोन महिने डेसिबल आणि झाडं मोजली, आणि हातात आलेल्या तक्त्याला कोणता प्रश्न विचारायचा हेच कळेना.

शहर नको, एक रस्ता घ्या

‘पुणे कसं वाटतं’ हे मोजता येत नाही. ‘मंडईपासून शनिवारवाड्यापर्यंत संध्याकाळी चालताना कुठे मोकळं वाटतं आणि कुठे पाय आपोआप भरभर पडतात’ हे मोजता येतं. या लेखात उदाहरणाला मी हाच रस्ता घेते: मंडई, तुळशीबाग, विश्रामबागवाडा, अप्पा बळवंत चौक, शनिवारवाडा. अंतर साधारण सव्वा किलोमीटर. भाजी, भांडी, कपडे, पुस्तकं असे बाजार पावलापावलावर बदलतात आणि रस्त्याचा स्वभावही त्यांच्याबरोबर बदलतो. तुम्ही तुमच्या रोजच्या पायवाटेचा रस्ता घ्या. आकडा चुकीचा आला तर तो तुम्हाला लगेच खटकला पाहिजे, आणि ते ओळखीच्या रस्त्यावरच होतं.

शब्दांची वही

या विषयातला सगळ्यात गाजलेला प्रयोग म्हणजे एमआयटी मीडिया लॅबचा ‘प्लेस पल्स’. रस्त्यांचे दोन फोटो शेजारी ठेवायचे आणि विचारायचं, यातला जास्त सुरक्षित कोणता वाटतो? त्याच्या दुसऱ्या टप्प्यात ५६ शहरांतले १ लाख १० हजारांहून जास्त फोटो होते आणि लोकांनी ११ लाखांहून अधिक वेळा कौल दिला. प्रश्न सहा गुणांचे होते: सुरक्षित, चैतन्यमय, सुंदर, श्रीमंत, कंटाळवाणं आणि उदास. त्या ५६ शहरांत भारतातलं एकही नव्हतं. आणि त्या सहा शब्दांत ‘निवांत’ नाही, ‘कोंदट’ नाही, ‘भकास’ नाही, ‘आपलंसं’ तर नाहीच. ते सहा शब्द भाषांतर करून पुण्यात विचारले, तर पुणेकरांना जे वाटतच नाही त्याचीही उत्तरं मिळतील.

म्हणून पहिले दोन रविवार फक्त वही घेऊन फिरा. वीस-पंचवीस माणसं गाठा: दुकानदार, शाळेतून मुलांना आणणारी आई, पुस्तकं घ्यायला आलेले विद्यार्थी, ओट्यावर बसलेले आजोबा, रात्रपाळीचा वॉचमन. प्रश्न एकच, ‘इथं कसं वाटतं?’ मग गप्प बसा. उत्तर जसंच्या तसं, त्यांच्याच शब्दांत उतरवा.

मंडईजवळच्या एका फुलवाल्या मावशींना मी आधी विचारलं होतं, ‘इथं सुरक्षित वाटतं का?’ त्या म्हणाल्या, ‘हो, वाटतं की.’ विषय संपला. दुसऱ्या रविवारी जाऊन विचारलं, ‘मावशी, इथं कसं वाटतं?’ हातातला गजरा ओवता ओवता त्या म्हणाल्या, ‘सकाळी बरं वाटतं गं. संध्याकाळी गाड्या नुसत्या अंगावर येतात. आणि मेलं टेकायला कुठे जागा नाही.’

या तीन वाक्यांत माझ्या मोजणीचा निम्मा आराखडा होता. ‘गाड्या अंगावर येतात’ म्हणजे चालणारा माणूस आणि धावती गाडी यांच्यातलं अंतर, मीटरमध्ये. ‘टेकायला जागा’ म्हणजे प्रत्येक बिंदूपासून पंचवीस पावलांत बसता येतील असे कट्टे, ओटे, पायऱ्या, झाडाचे पार. ‘सकाळी’ आणि ‘संध्याकाळी’ म्हणजे एकदाच मोजून भागणार नाही. शहरांचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी १९७०च्या दशकात न्यूयॉर्कच्या चौकांत कॅमेरे लावून महिनोन्‌महिने माणसं पाहिली. त्यांचा गाजलेला निष्कर्षही तोच होता की जिथे बसायला जागा असते तिथे माणसं बसतात. कट्ट्याच्या गावाला हे वेगळं सांगायला नको, तरी रस्त्याचे आराखडे करताना कट्टा सगळ्यात आधी गळतो, म्हणून मी तो मोजतेच.

वहीतून शेवटी तीन-चार शब्द निवडा, जास्त नकोत. मी ‘मोकळं’, ‘प्रसन्न’, ‘भकास’ आणि ‘आपलंसं’ हे चार ठेवले. ‘गजबज’ मुद्दाम वगळला, कारण मंडईत तो सकाळी कौतुकानं आणि संध्याकाळी तक्रारीच्या सुरात वापरला जातो. एकाच शब्दाला दोन अर्थ असले की कौल घेताना गोंधळ होतो.

जमलं तर दहा जणांना कोऱ्या कागदावर हा रस्ता आठवणीतून काढायला सांगा. नगररचनेचे अभ्यासक केव्हिन लिंच यांनी बोस्टनमध्ये आणि आणखी दोन अमेरिकी शहरांत लोकांना असे नकाशे काढायला लावले होते. त्यांचं लेखन १९६० सालचं, पण रीत अजून कामाची आहे. आपल्याकडच्या कागदांवर जिलब्या मारुती ठळक येतो, रस्त्याचं अधिकृत नाव क्वचितच. कागदावर जे ठळक आलं ते तुमच्या तक्त्यात असलं पाहिजे.

नकाशावर बिंदू

ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या खुल्या नकाशावरून रस्त्यांची रेषा उतरवून घ्या आणि क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. दोन्ही फुकट आहेत. लगेच प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची रीत, बदलून ‘यूटीएम ४३ उत्तर’ करा. सॉफ्टवेअरच्या यादीत ती ईपीएसजी क्रमांक ३२६४३ म्हणून सापडते. पुणे याच पट्ट्यात येतं. हे केलं नाही तर अंतरं अंशांत राहतात आणि ‘५० मीटरवर बिंदू’ ही आज्ञा निरर्थक ठरते. मग रेषेवर दर ५० मीटरला बिंदू टाका. सव्वा किलोमीटरला साधारण २५ होतील. त्यांना १ ते २५ क्रमांक द्या, यादी छापून खिशात ठेवा, आणि प्रत्येक बिंदूची खूण शब्दांत लिहा: ‘निळ्या शटरसमोर’, ‘वडाच्या पारापाशी’.

ही खूण फार महत्त्वाची. पेठांतल्या बोळांत उपग्रहाचे सिग्नल दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आपटून येतात आणि फोनमधली जागा शेजारच्या गल्लीतही जाऊन पडते. फोनवर विसंबू नका. बिंदू हातानं जागेवर बसवा.

फोटो

गूगल स्ट्रीट व्ह्यू भारतात जुलै २०२२ मध्ये आलं आणि पहिल्या दहा शहरांत पुणं होतं. तरी या कामाला ते फोटो मी घेत नाही. ते गाडीच्या टपावरून काढलेले असतात, गाडी जात नाही ते बोळ त्यात येत नाहीत, आणि नियमांनुसार ते मोठ्या संख्येनं उतरवून साठवता येत नाहीत. मॅपिलरीवर लोकांनी चढवलेले खुल्या परवान्याचे फोटो मिळतात, पण नेमक्या आपल्या वेळेचे मिळतीलच असं नाही. स्वतः काढलेले उत्तम.

प्रत्येक बिंदूवर दोन फोटो, एक जाताना समोरचा आणि एक मागे वळून. फोन डोळ्यांच्या उंचीवर, आडवा, झूम न करता. एका वेळेचे सगळे फोटो अर्ध्या-पाऊण तासात उरका, नाहीतर उजेड बदलतो आणि पुढे लोक रस्त्याऐवजी उजेडाला कौल देतात. पाऊस पडून गेल्यावरचे आणि कोरड्या दिवसाचे फोटो एकत्र करू नका. चेहरे आणि गाड्यांचे नंबर कोणालाही दाखवण्याआधी पुसट करा. लष्करी हद्दीजवळ कॅमेरा काढूच नका, खडकी आणि कॅम्पकडे काम करणार असाल तर हे आधी तपासा. आणि कोणी विचारलं ‘फोटो कशाला काढता?’ तर थांबून नीट सांगा. माझ्या वहीतली निम्मी चांगली वाक्यं या प्रश्नानंतरच्या गप्पांतून आली आहेत.

आवाज

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा सावकाश सांगते.

फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो. तो मोठे आवाज आपोआप दाबतो, आणि दोन फोन एकाच जागी वेगळे आकडे देतात. कोणा महाविद्यालयाकडून किंवा ओळखीतून खरा ध्वनिमापक एक दिवस मिळवा, तीन-चार ठिकाणी दोन्ही शेजारी धरा आणि फोन सरासरी किती कमी-जास्त दाखवतो ते टिपा. पुढे तेवढा फरक प्रत्येक नोंदीत मिळवा किंवा वजा करा. संपूर्ण मोजणी एकाच फोनवर करा.

प्रत्येक बिंदूवर निदान पाच मिनिटं उभं राहा, दर सेकंदाची नोंद ठेवा. सरासरी काढताना आकड्यांची साधी बेरीज-भागाकार चालत नाही, कारण डेसिबल ही लॉगरिदमची मोजपट्टी आहे: दर १० डेसिबलला आवाजाची ऊर्जा दसपट होते. समजा, पाच मिनिटं ६० डेसिबल होते आणि पुढची पाच मिनिटं ८०. साधी सरासरी ७० येईल. खरी, ऊर्जेवर आधारलेली सरासरी येते ७७. दोन्ही आकडे आधी मूळ ऊर्जेत बदलायचे (१० चा सहावा घात आणि आठवा घात), त्यांची सरासरी घ्यायची, आणि पुन्हा डेसिबलमध्ये आणायची. स्प्रेडशीटमध्ये हे एका ओळीचं सूत्र आहे.

तुलनेला २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम हाताशी ठेवा: निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०.

पण त्रासाचा खरा माग सरासरीत लागत नाही. तुमच्या ३०० नोंदी चढत्या क्रमानं लावा. वरून तिसावा आकडा म्हणजे दहा टक्के वेळ ओलांडला गेलेला आवाज. खालून तिसावा म्हणजे त्या जागेचा पायाभूत आवाज. या दोन्हींतला फरक काढा. फरक कमी असेल तर आवाज एकसारखा आहे, बाजाराच्या गुणगुणीसारखा, आणि कानाला त्याची सवय होते. फरक मोठा असेल तर मधूनच कर्कश हॉर्न वाजतात आणि माणूस दर वेळी दचकतो. दोन जागांची सरासरी सारखी असूनही लोक एकीला ‘प्रसन्न’ म्हणाले आणि दुसरीला नाही, तर मी आधी हा फरक बघते.

गणपतीच्या आधीचे आठवडे वेगळे काढा. नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला की आकडे वेगळ्याच गावाचे वाटतात, आणि तोच ठेका एकाच्या अंगावर रोमांच आणतो तर दुसऱ्याच्या घरातल्या आजाऱ्याला झोपू देत नाही. आवाज कोणता आहे आणि ऐकणारा कोण आहे, हे डेसिबलच्या रकान्यात मावत नाही. त्यासाठी शेजारी एक मोकळा रकाना ठेवा: ‘काय ऐकू आलं’. कुकर, घंटा, हॉर्न, कोकिळा, शाळेची मधली सुट्टी.

ऊन आणि आभाळ

एप्रिल-मेमध्ये काम करत असाल तर साधा तापमान-आर्द्रतामापक सावलीत धरून नोंद घ्या. त्याहून उपयोगी पडतं ते दुपारी दोनला रस्त्याच्या रुंदीपैकी किती भागावर सावली आहे हे पावलांनी मोजणं. इमारतींची उंची भागिले रस्त्याची रुंदी हाही आकडा काढा. तीन मीटरच्या बोळाला दोन्ही बाजूंनी नऊ मीटरच्या भिंती असतील तर तो ३ येतो. उन्हाळ्यात असा बोळ गार वाटतो आणि पावसाळ्यात कोंदट, म्हणून ऋतू लिहायला विसरू नका.

दोनातला एक निवडा

माणसाला ‘या रस्त्याला दहापैकी किती गुण?’ विचारलं की जो तो आपापल्या मापानं देतो. कोणी सढळ हातानं आठ-नऊ वाटतो, कोणाची गाडी पाचाच्या पुढे जात नाही. दोन फोटो शेजारी ठेवून ‘यातलं जास्त मोकळं कुठे वाटतं?’ विचारलं की उत्तर पटकन आणि खरं येतं.

२५ बिंदूंचे एका वेळेचे ५० फोटो झाले. त्यांच्या १२२५ जोड्या होतात, पण सगळ्या दाखवायची गरज नाही. प्रत्येक फोटो २४ वेळा समोर आला तरी पुरे, म्हणजे ६०० कौल. तीस माणसांनी वीस-वीस जोड्या पाहिल्या की झालं. हे एका शब्दाचं गणित आहे, चार शब्दांसाठी चौपट. डावा-उजवा फोटो यदृच्छेनं बदलता ठेवा, कारण घाईत असलेला माणूस एकाच बाजूला बोट लावत जातो. वीसपैकी दोन जोड्या बाजू बदलून पुन्हा दाखवा. दोन्हींत निवडलेला फोटो बदलला तर त्या माणसाचे कौल बाजूला ठेवून बघा.

कौलांवरून गुण काढायला ब्रॅडली आणि टेरी या संख्याशास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये मांडलेली रीत वापरा. कल्पना सोपी आहे. प्रत्येक फोटोला एक ताकद आहे असं धरायचं. एकाची ताकद ३ आणि दुसऱ्याची १ असेल, तर पहिला जिंकण्याची शक्यता ३ भागिले ४, म्हणजे ७५ टक्के. सगळ्या कौलांना एकत्रितपणे सगळ्यात चांगल्या जुळतील अशा ताकदी संगणक शोधून देतो. पायथनमध्ये यासाठी तयार साधनं आहेत. बुद्धिबळातली एलो गुणांची पद्धतही चालते, पण तिच्यात कौल कोणत्या क्रमानं आले यावर निकाल थोडा हलतो.

माणसं निवडताना निम्म्या बायका घ्याच. त्या रस्त्यावर राहणारे आणि फक्त खरेदीला येणारे अशीही नोंद ठेवा. पुढे या गटांचे गुण वेगवेगळे काढायचे आहेत. सगळ्यांची सरासरी करून टाकली, तर प्रभात रोडच्या त्या गल्लीला कोणी निवांत म्हणतं आणि कोणी शुकशुकाट, हे कधीच दिसणार नाही.

यंत्राला फोटो वाचायला लावताना

फोटोतला प्रत्येक कण आकाश आहे, झाड आहे, भिंत आहे की वाहन, हे ओळखणारी मॉडेल्स तयार मिळतात. त्यावरून ‘या फोटोत हिरवं किती, आभाळ किती, गाड्या किती’ अशी टक्केवारी निघते. अडचण त्यांच्या शिकवणीत आहे. बहुतेक ‘सिटीस्केप्स’ या संचावर शिकलेली असतात, आणि तो मुख्यतः जर्मन शहरांतल्या रस्त्यांचा आहे. तिथे रिक्षा नाही, हातगाडी नाही, दुकानाबाहेर टांगलेल्या बादल्या नाहीत. हैदराबादच्या ट्रिपल आयटीनं पुढाकार घेऊन हैदराबाद आणि बंगळूरच्या रस्त्यांवरून तयार केलेला ‘इंडिया ड्रायव्हिंग डेटासेट’ आहे. त्यात १० हजार फोटो आणि ३४ वर्ग आहेत, रिक्षाचा स्वतंत्र वर्गसुद्धा. त्यावर शिकलेलं मॉडेल घ्या.

तेही डोळे झाकून नको. शुक्रवार पेठेतल्या एका बिंदूवर माझ्या मॉडेलनं फोटोचा जवळपास एक तृतीयांश भाग हिरवाई दाखवला. लोकांनी मात्र तीच जागा ‘भकास’ ठरवली होती. दोन दिवस मी वेगवेगळी कारणं रचत बसले. मग फोटो मोठा करून पाहिला. एक जुना वाडा पाडून तिथे इमारत चढत होती आणि तिच्यावर वरपासून खालपर्यंत हिरवी जाळी लावलेली होती. यंत्राला ती झाडी वाटली. तेव्हापासून मी प्रत्येक वेळी वीस फोटो छापते, रंगीत पेन्सिलीनं स्वतः रंगवते आणि यंत्राच्या उत्तराशी ताडून बघते. वेळखाऊ आहे, पण हा टप्पा गाळू नका.

जुळवाजुळव

आता एका तक्त्यात प्रत्येक बिंदूची, प्रत्येक वेळेची एक ओळ आली: चार शब्दांचे गुण, हिरवं, आभाळ, गाड्या, आवाजाचे दोन आकडे, गाडीपासूनचं अंतर, टेकायच्या जागा. आधी आलेख काढा आणि बघा. मग क्रमवारीवर आधारलेला स्पिअरमन सहसंबंध काढा. दोन रकाने किती बरोबरीनं चढतात-उतरतात हे तो उणे १ ते १ मधल्या आकड्यात सांगतो, ० म्हणजे नातं नाही. फक्त २५ बिंदू असताना ०.४ च्या आतल्या सहसंबंधावर काहीच उभारू नका. वीस मापं ताडून पाहिली तर त्यातलं एखादं निव्वळ योगायोगानं जुळतं, म्हणून वहीतल्या शब्दांशी ज्याचं नातं सांगता येतं तेवढंच ताडा. शेजारचे बिंदू एकमेकांसारखे असतात हेही ध्यानात ठेवा. या मापांवरून लोकांचे गुण सांगणारं मॉडेल केलंत आणि ते तपासायचं असेल, तर तुळशीबागेचा सगळा तुकडा बाजूला काढून उरलेल्यावरून त्याचा अंदाज बांधून बघा, सुटे बिंदू काढून नाही.

नकाशा घेऊन परत

शेवटी प्रत्येक शब्दाचा एक नकाशा, मोठ्या कागदावर, मराठी नावांसकट छापा आणि ज्यांनी शब्द दिले त्यांच्याकडे घेऊन जा. क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा तो कागद यानंतरचा. पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रकाची पद्धत आहे. प्रभागातली छोटी कामं तिथे सुचवता येतात, आणि ‘अमुक ते अमुक या दीडशे मीटरमध्ये टेकायला एकही जागा नाही’ हे वाक्य नकाशासकट दिलं तर त्याला वजन येतं.

मी नकाशा घेऊन गेले तेव्हा फुलवाल्या मावशींनी चष्मा लावला, मंडईपासून बोट फिरवत तुळशीबागेपर्यंत आल्या आणि अकराव्या बिंदूवर थांबल्या. तिथे ‘मोकळं’चा गडद रंग होता. ‘हे कधी काढलंस?’ त्यांनी विचारलं. तारीख सांगितली. त्यांनी मनातल्या मनात मोजलं आणि म्हणाल्या, ‘सोमवार होता. सोमवारी इथली निम्मी दुकानं बंद असतात.’

गुरुवारी संध्याकाळी सात वाजता मी अकराव्या बिंदूवर परत उभी राहिले, दोन फोटो काढले, पाच मिनिटं आवाज मोजला, आणि तक्त्यात एक रकाना वाढवला: ‘दुकानं उघडी की बंद’.